तिसरा हिस्सा पाणी

"या बाईला रॉकेटला हात लावू दिला कोणी? हिला पाणी भरायला ठेवलंय ना?"

हे वाक्य माईकवरून आलं. मुख्याध्यापिका मॅडमच्या हातातला माईक बंद करायचा राहून गेला होता की मुद्दाम चालू ठेवला होता, मला माहीत नाही. अख्ख्या मैदानानं ऐकलं. पाचवी ते दहावीची मुलं रांगेत बसलेली. पालक खुर्च्यांवर. प्रमुख पाहुणे डोक्यापासून बुटापर्यंत भिजलेले, टॉवेलची वाट पाहत उभे. आणि मैदानाच्या मधोमध मी. पायाशी सायकलचा पंप. उजव्या भुवईतून रक्त.

"अडाणी कुठली," मॅडम म्हणाल्या. तेही माईकवरूनच.

मुलं हसली. मुलांचा मला राग नाही. मोठी हसली म्हणून ती हसली. विज्ञानाचे सर माझ्यापासून चार पावलांवर होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि पाहुण्यांकडे धावले. माझ्याकडे कोणी आलं नाही. मी पदर भुवईवर दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं फुटलेल्या बाटलीचे तुकडे वेचायला लागले. तुकडे वेचणं माझ्या कामात बसत होतं.

विज्ञान दिनाचा कार्यक्रम होता तो. याच वर्षीचा.

मी नागपूरच्या एका नावाजलेल्या शाळेत प्रयोगशाळा परिचर आहे. हे कागदावर. तोंडी मी 'मावशी'. बालवाडीतलं पोरगं मावशी म्हणतं, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान असलेल्या मुख्याध्यापिका मावशी म्हणतात, शाळेत पाणी द्यायला येणारा टँकरवालाही मावशीच म्हणतो. माझं नाव हजेरीच्या वहीत आहे, बाकी कुठे नाही. मावशी म्हणजे आईची बहीण. आपल्या आईच्या बहिणीला कोणी चंचुपात्रं धुवायला उभं करून समोर चहा पितं का?

सतरा वर्षं झाली या कामाला. आमचं घर कोष्ट्यांचं. बाबा हातमागावर साड्या विणायचे, आई त्यांच्यासाठी सूत गुंडाळून कांड्या भरायची. सूत शेठचं, नक्षी शेठची, साडी शेठच्या नावानं विकली जायची. मग यंत्रमाग आले आणि आमचा माग मोडला. त्याच्या लाकडाची खाट केली. तेव्हा मी बारावीला होते, सायन्सला. भौतिकशास्त्रात मला वर्गात सगळ्यात जास्त गुण होते. पण पुढे शिकवायची ऐपत नव्हती, लग्न झालं, नवरा कळमन्याच्या बाजारात धान्य तोलायच्या कामावर, आणि मी या शाळेच्या प्रयोगशाळेत. मला वाटलं होतं, चला, निदान विज्ञानाच्या जवळ तरी राहू. जवळ म्हणजे किती जवळ? कपाटाच्या मागे एक स्टूल आहे, तेवढं जवळ.

त्या स्टुलावर बसून मी शिकले. हे कोणाला माहीत नाही. दर वर्षी आठवी-नववीच्या चार तुकड्यांना न्यूटनचा तिसरा नियम शिकवतात. तोच धडा मी सतरा वर्षं ऐकला. कोणता शिक्षक समजून शिकवतो आणि कोणता पुस्तक वाचून दाखवतो, हे मला दुसऱ्या मिनिटाला कळतं.

आमच्या शाळेत एक पद्धत आहे. बहुतेक सगळ्याच शाळांत असावी. प्रदर्शनातले प्रयोग परिचर बनवतात. ज्वालामुखी मी बनवला, पवनचक्की मी बनवली, पाणी शुद्ध करायचं यंत्र मी तीनदा बनवलं. समोर कार्ड लागतं. त्यावर मुलाचं नाव आणि खाली 'मार्गदर्शक' म्हणून सरांचं. आयत्या बिळावर नागोबा. त्या कार्डावर माझ्या नावाला जागा नव्हती आणि मी ती कधी मागितलीही नाही. हे सांगताना मला त्यांच्यापेक्षा माझाच जास्त राग येतो.

यंदा सरांनी पाण्याचं रॉकेट ठरवलं. मोबाईलवर कुठेतरी पाहिलं असेल. मला म्हणाले, "मावशी, आठवीच्या दोन-तीन पोरी घ्या आणि करून टाका." आणि निघून गेले. तीन आठवडे मी आणि त्या पोरी रोज मधल्या सुट्टीत मैदानाच्या कोपऱ्यात. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, तिच्या तोंडात रबरी बूच, बुचातून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह, त्याला पंप. बाटली उलटी उभी करायची, हवा भरायची. आतला दाब पुरेसा झाला की बूच आपोआप निसटतं, पाणी खाली सुटतं आणि बाटली वर जाते.

किती पाणी भरायचं, हा सगळा खेळ आहे. एका पोरीनं नेलपेंट आणलं. आम्ही बाटलीवर लाल रेघा मारल्या आणि एकेक रेघ पाणी वाढवत गेलो. पाणी नसलं तर फुस्स. जरा उडते आणि पडते. आत हवा असते, पण हवा हलकी. पोरींना मी म्हटलं, चाकाच्या हातगाडीवर उभं राहा आणि उशी फेका, गाडी हलणार नाही. गव्हाचं पोतं फेका, गाडी मागे सरकेल. जड वस्तू मागे फेकली की आपल्याला पुढे धक्का बसतो. रॉकेटचं ते पोतं म्हणजे पाणी.

मग पोरी म्हणाल्या, तर काठोकाठ पाणी भरू. भरलं. बाटली हातभर उठली आणि दारू प्यायल्यासारखी कलंडली. कारण पाणी स्वतः काही करत नाही. पाणी दाबलं जात नाही. दाबली जाते ती हवा, आणि तीच सुटताना पाण्याला ढकलते. हवेला जागाच ठेवली नाही तर ढकलणार कोण? वर एवढ्या पाण्याचं ओझंही बाटलीनंच उचलायचं. तिसरा हिस्सा पाणी, दोन हिस्से हवा, हे आमचं उत्तर. त्या रेघेवर आमची बाटली मैदानाच्या कडेच्या कडुनिंबावरून पलीकडे गेली. पोरी किंचाळल्या. मीही किंचाळले. सतरा वर्षांत त्या शाळेत मी पहिल्यांदा मोठ्यानं आवाज काढला होता.

विज्ञान दिनाच्या सकाळी सर आले ते नवी बाटली घेऊन. तिला त्यांनी घरी मोठे पंख चिकटवले होते, गरम गोंदाच्या पिस्तुलानं. जिथे जिथे गोंद लागला होता तिथे प्लास्टिक पांढरं पडून आकसलं होतं. शिवाय बुचावरून त्यांनी तार आवळली होती. तारेच्या टोकाला लाल फीत.

फीत कशासाठी? उद्घाटनासाठी. पाहुणे फीत ओढणार, तार सुटणार, रॉकेट उडणार. आपल्याकडे काहीही सुरू करायचं तर पाहुण्यांचा हात लागावा लागतो. नळ असो, पूल असो. आता बूच आपोआप निसटलं आणि रॉकेट पाहुण्यांच्या आधीच उडालं तर केवढा अपमान! म्हणून बूच बांधून टाकलं. जे बूच दाब वाढला की स्वतः सुटतं आणि सगळ्यांना वाचवतं, तेच बांधलं.

मी पाणी भरत होते. लाल रेघ या बाटलीवर नव्हती, पण माझ्या डोळ्यांना जागा माहीत होती. मी थांबले.

"वर भरा, वर," सर म्हणाले. "गळ्यापर्यंत. पाणी जास्त तर ताकद जास्त."

मी म्हटलं, "सर, तिसरा हिस्साच ठेवू. आणि ही तार नको. बाटलीही इथे नरम पडली आहे, पाहा."

पोरी बाजूलाच होत्या. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मावशी, डोकं आम्ही लावतो. तुम्ही पाणी भरा."

आणि मग शेजारच्या शिक्षकाकडे वळून, हसत, जरा हळू, पण मला ऐकू येईल इतकंच हळू, "मागावरचे लोक आता आपल्याला फिजिक्स शिकवणार."

मी गळ्यापर्यंत पाणी भरलं.

पाहुणे आले. मंचावरून उतरून बाटलीपासून पाच पावलांवर उभे राहिले, फीत हातात घेऊन. त्यापेक्षा लांब उभे राहिले असते तर फोटोत बाटली आली नसती. सर मला म्हणाले, "वीस पंप." आमच्या तिसऱ्या हिश्श्याच्या बाटलीला वीस पंप बरोबर होते. पण तिच्यात हवेला जागा होती. घरात वीस पाहुणे आले तर दाटीवाटीनं मावतात. तेच वीस जण मोरीत कोंबले तर भिंत जाईल नाहीतर दार. या बाटलीत हवेला मोरीएवढीच जागा होती, आणि दार आम्ही तारेनं बांधलं होतं.

हे मला तेव्हा कळत होतं. नंतर सुचलेलं शहाणपण नाही हे. पंप मारता मारता कळत होतं. आठव्या पंपाला दांडा माझ्या हाताला उलटा ढकलायला लागला. बाराव्याला मला त्यावर अंगाचा भार टाकावा लागला. मी म्हटलं, "सर, बस झालं."

"पाहुणे बघताहेत. मारा."

मी तेरावा मारला. मी चौदावा मारला.

आवाज झाला तेव्हा मला वाटलं टायर फुटला. बाटली गोंदाच्या जागेवरून उभी फाटली. पाणी पाहुण्यांच्या तोंडावर गेलं आणि प्लास्टिकचा एक पंख माझ्या भुवईवर. दोन बोटं खाली लागला असता तर डोळा गेला असता. पोरी मागे होत्या, म्हणून वाचल्या. त्यानंतर माईकवरून जे आलं ते मी सांगितलंच आहे.

शनिवारी मला ऑफिसात बोलावलं. भुवईला तीन टाके होते. दवाखान्यात मी एकटीच जाऊन ते घालून घेतले होते. मॅडमनी टाइप केलेला एक कागद पुढे सरकवला. माझा जबाब. मी न दिलेला.

त्यात लिहिलं होतं, मी प्रयोगशाळा परिचर, शिक्षकांची सूचना न ऐकता रॉकेट हाताळले. बाटलीत पुरेसे पाणी न भरल्यामुळे व माझ्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला. त्याबद्दल मी क्षमा मागते.

"सोमवारपर्यंत सही करून द्या," मॅडम म्हणाल्या. "विषय इथेच मिटेल. नाहीतर चौकशी लावावी लागेल. नोकरीचा प्रश्न आहे मावशी, विचार करा." सर खिडकीतून बाहेर पाहत होते. खिडकीबाहेर काहीही नव्हतं.

दाराशी शिपाई मामा भेटले. माझ्याहून जुने, भले माणूस. म्हणाले, "करून टाक नं वं सही. आपल्याले काय करा लागते त्या कागदाचं? नोकरी राहते नं." मी मान हलवली. खरं सांगते, मी सही करणारच होते. चोर सोडून संन्याशाला सुळी, हे काय मी पहिल्यांदा पाहत होते? घरी जायचं, सही करायची, सोमवारी कागद द्यायचा आणि पुन्हा चंचुपात्रं धुवायची. एवढं सरळ ठरलं होतं.

आई माझ्याजवळच राहते, सक्करदऱ्याला. तिला वाचता येत नाही. दुपारी ती तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, "काय लिवलं हाये, वाचून दाखव." मी वाचलं.

तिनं सूप खाली ठेवलं.

"पाणी कमी भरलं म्हणते यात. तू तं म्हणे का पाणी जास्त झालं."

"जास्तच होतं आई."

"तुले आधीच मालूम होतं?"

"हो."

"मंग काहून मारला वं पंप?"

मी कागदाची घडी घातली. मग म्हटलं, "सरनं सांगतलं म्हणून."

आईनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माया नव्हती. राग होता. "मीबी जलमभर हेच म्हटलं," ती म्हणाली. "शेठनं सडकं सूत देल्लं, मी कांड्या भरल्या. हाताले समजत होतं का हे टिकत नाही. तुह्या बाबाचा धागा तुटे, शेठ त्यालेच बोले. मी चूप. मले तं कोणी शिकवलं नव्हतं. तुले शिकवलं नं? मंग कायले शिकवलं?"

आणि तिनं सूप उचललं.

त्या रविवारी मी तो कागद पन्नास वेळा वाचला असेल. अडाणी म्हटलं, ते मी गिळलं असतं. निष्काळजी म्हटलं, तेही. बायांना अशी सवय असते आणि त्या सवयीला लोक सहनशीलता म्हणतात. पण 'पुरेसे पाणी न भरल्यामुळे' हे चार शब्द माझ्या घशाखाली उतरेनात. हे खोटं आहे. नुसतं माझ्याबद्दल खोटं नाही, पाण्याबद्दल खोटं आहे, हवेबद्दल खोटं आहे. उद्या कोणी हा कागद वाचून बाटली आणखी भरेल, आणि समोर आठवीची एखादी पोर उभी असेल. ज्या एका गोष्टीत मला सगळ्यात जास्त गुण होते, तीच माझ्या सहीनं खोटी करायची? नाचता येईना अंगण वाकडं, तसं सरांना नियम कळेना म्हणून मी नियम वाकवायचा?

सोमवारी मी ऑफिसात गेले. कागद टेबलावर ठेवला. पुढची बाजू होती तशीच होती, सहीची जागा रिकामी. मागच्या बाजूला मी माझ्या अक्षरात लिहिलं होतं.

"बाटलीत पाणी गळ्यापर्यंत भरले होते. त्यामुळे हवेला जागा फार थोडी उरली. जागा थोडी असली की प्रत्येक पंपाला दाब खूप वाढतो. गरम गोंदामुळे बाटली कमजोर झाली होती. उद्घाटनासाठी बूच तारेने बांधले होते, म्हणून दाब सुटू शकला नाही. या तीनही गोष्टी मी सरांना आधी सांगितल्या होत्या. तरीही सरांच्या सांगण्यावरून मी पंप मारला. ही माझी चूक आहे. दुसरी नाही."

खाली माझं नाव. पूर्ण.

मॅडमनी वाचलं. सरांकडे सरकवलं. सरांनी वाचलं आणि लाल झाले. "हे काय आहे? सही पुढे करायची होती."

मी शाळेत शाळेची मराठी बोलते. सतरा वर्षं जपून बोलत आले. त्या दिवशी तोंडातून घरची भाषा निघाली आणि मी ती थांबवली नाही.

"नाही करत सही. काय झालं ते मले मालूम आहे, अन् तुमालेबी मालूम आहे."

"आवाज खाली," मॅडम म्हणाल्या.

मी सरांना विचारलं, "सर, जागा कमी असली तर तेवढ्याच पंपात दाब जास्त होते का कमी? तुमी हे आठवीच्या पेपरात विचारता. दोन मार्काले."

सरांनी कागद परत मॅडमकडे सरकवला. मॅडमनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. त्यांनाही कळलं होतं, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचलं. आणि कळूनसुद्धा त्या म्हणाल्या, "मावशी, प्रयोगशाळेची चावी इथे ठेवा आणि बाहेर जा."

मी चावी ठेवली.

आता एप्रिल आहे. मला फाटकावर बसवलं आहे. सकाळी पानं झाडायची, दिवसभर येणाऱ्या गाड्यांची नोंद करायची, डोक्यावर पत्रा आणि पत्र्यावर नागपूरचं ऊन. त्या पोरींना माझ्याशी बोलायचं नाही अशी ताकीद आहे. त्या मान खाली घालून फाटकातून जातात. शिपाई मामा माझ्याजवळ थांबत नाहीत. नवरा म्हणतो, "काहून भांडून राहिली तू? मोठ्या लोकाइले का पुरणार हावो आपण?" त्याचं चुकत नाही. पुरणार नाहीच कदाचित. आणि प्रयोगशाळेत, मी ऐकलं आहे, पुढच्या वर्षासाठी पुन्हा रॉकेटच ठरलं आहे.

चौकशी पुढच्या आठवड्यात आहे. तिघं बसणार आहेत, तिघंही संस्थेचेच. निकाल काय लागेल हे आताच सांगता येतं. मी जाणार आहे. कोणाची माफी मागायला नाही. मी तिथे एकच गुन्हा कबूल करणार आहे, की मला सगळं माहीत होतं आणि तरी मी तेरावा पंप मारला, चौदावा मारला. त्याची शिक्षा द्या, मी घेईन. पाणी कमी भरलं असं मात्र माझ्याकडून कोणी लिहून घेऊ शकणार नाही. नोकरी गेली तरी नाही.

आणि यापुढे कोणत्याही मैदानावर, कोणाच्याही पाहुण्यांसमोर, चुकीची भरलेली बाटली माझ्यापुढे ठेवून कोणी "मारा" म्हणालं, तर माझा हात उठणार नाही. म्हणणाऱ्यानं स्वतः पंप मारावा.